थंबनेल वर्कर पुन्हा पुन्हा मरतोय? रॅम वाढवण्याआधी तो कुठल्या सिग्नलने मेला ते बघा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते कळेल. संकेतस्थळावर फोटो चढतात, मागे वर्कर नावाचा एक प्रोग्रॅम त्यांच्या लहान प्रती (थंबनेल) काढत असतो. आठ-दहा दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एका रात्री फोटोंच्या जागी राखाडी चौकोन दिसू लागतात. सर्व्हिस रीस्टार्ट केली की चार-सहा फोटो निघतात आणि वर्कर पुन्हा आडवा होतो. सकाळी रांग मोकळी झालेली असते, कुणीतरी ‘मेमरी कमी पडली असणार’ म्हणतं आणि विषय तिथेच राहतो. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच.

एका जिल्हा दैनिकाचा सर्व्हर मी काही वर्षं सांभाळत होतो. रात्री साडेअकराला, पानं सुटायच्या वेळेला, डेस्कवरून उपसंपादकाचा फोन यायचा, “दादा, फोटो परत अडकलेत.” मी घरूनच लॉगिन करून सर्व्हिस उठवायचो. ४ जीबीची रॅम ८ केली, ८ ची १६ केली. महिन्याचं बिल वाढलं, फोन थांबले नाहीत. कारण रॅमचा आणि त्या मरण्याचा संबंधच नव्हता. एका जाहिरात एजन्सीची इंटरनेट लाइन मधेच तुटायची आणि तिची टिफ फाइल आमच्याकडे अर्धवट पोचायची. ती अर्धी फाइल वाचताना आमचा प्रोग्रॅम त्याला मिळालेल्या जागेची हद्द ओलांडत होता आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, त्याला मारत होतं. रांग तेच काम पुन्हा वर्करच्या हातात द्यायची, तो पुन्हा मरायचा. पहाटे तीनला क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) जुनी कामं झाडून टाकायचा, म्हणून सकाळी सगळं बरं दिसायचं.

ती फाइल कुणी मुद्दाम पाठवलेली नव्हती. पण जे एका तुटलेल्या लाइनमुळे चुकून घडलं, ते जाणकार माणूस ठरवून घडवू शकतो. आणि त्याने नीट घडवलं, तर वर्कर मरत नाही. तो त्या माणसाचं ऐकायला लागतो. हे मला आठ महिन्यांनी कळलं. तुम्हाला ते एका रात्रीत कळावं, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मेला कसा, ते आधी

प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, संपताना मागे एक आकडा ठेवून जाते. कंटेनर वापरत असाल तर तो थेट एक्झिट कोड म्हणून दिसतो. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) वापरत असाल तर सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये सिग्नलचं, म्हणजे प्रोसेसला मिळालेल्या थांबण्याच्या इशाऱ्याचं, नाव दिसतं. तीन आकडे ओळखून ठेवा.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. सिग्नल ९, म्हणजे बाहेरून कुणीतरी मारलं, आणि बहुतेक वेळा तो कर्नलचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा भाग, असतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ने सुरू होणारी ओळ सापडेल. ही खरी मेमरीची टंचाई.

१३९ म्हणजे १२८ अधिक ११. सेगमेंटेशन फॉल्ट. प्रोग्रॅमने जिथे हात घालायचा नव्हता तिथे घातला. इथे रॅम कितीही वाढवा, फरक पडणार नाही.

१३४ म्हणजे १२८ अधिक ६. प्रोग्रॅमने स्वतःच थांबायचं ठरवलं. अशा वेळी त्याच्या शेवटच्या ओळींमध्ये ‘डबल फ्री ऑर करप्शन’ किंवा ‘मॅलॉक’ने सुरू होणारी, काहीतरी ‘करप्टेड’ असल्याची तक्रार बघा. सी लायब्ररीला (लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमला जोडलेला तयार कोड) मेमरीच्या खातेवहीत खाडाखोड दिसली, असा तिचा अर्थ. हा आकडा मी १३९ पेक्षाही गंभीर मानतो. कारण हद्दीबाहेरचं लिखाण आधीच होऊन गेलेलं असतं. सापडतं ते नंतर, कुठेतरी भलत्याच ठिकाणी.

१३९ असेल तर कर्नलच्या लॉगमधली ती एक ओळ नीट वाचा. डीमेसेज (dmesg) ही कमांड चालवली की मिळते. ‘सेगफॉल्ट ॲट’च्या पुढे पत्ता असतो. तो शून्य किंवा अगदी लहान असेल, तर बहुधा रिकामा पॉइंटर (मेमरीतली जागा दाखवणारा आकडा) वापरला गेलाय. ती चूकच, पण तुलनेने कमी धोक्याची. पत्ता मोठा असेल तर पुढचा ‘एरर’ आकडा बघा. एक्स८६ यंत्रावर ४ म्हणजे नसलेल्या जागेतून वाचायचा प्रयत्न, ६ म्हणजे नसलेल्या जागेवर लिहायचा प्रयत्न. ६ दिसला की काम बाजूला ठेवून याच्याच मागे लागा. त्याच ओळीच्या शेवटी ‘इन’ या शब्दापुढे लायब्ररीचं नाव असतं. ते कागदावर लिहून घ्या, पुढे लागणार आहे.

एक शंका दर वेळी येते: रॅमची पट्टीच खराब असेल तर? तीच फाइल दिल्यावर दर वेळी त्याच लायब्ररीत क्रॅश होत असेल, तर हार्डवेअर बहुधा निर्दोष आहे. क्रॅश रोज वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या फाइलवर होत असेल, तर मात्र एक रात्र मेमटेस्ट लावून ठेवा.

फाइलच्या तोंडचा आकडा म्हणजे पाठवणाऱ्याचा शब्द

प्रतिमा उघडणारा कोणताही प्रोग्रॅम आधी हेडर वाचतो. रुंदी इतकी, उंची इतकी, पुढचा तुकडा इतक्या बाइटचा. त्यावरून तो मेमरीत जागा धरतो आणि मग पिक्सेल भरू लागतो. हे आकडे फाइल बनवणाऱ्याने लिहिलेले असतात. ते तपासले नाहीत, तर आपल्या सर्व्हरवर किती जागा धरायची आणि तिच्यात किती माल ओतायचा, हे दोन्ही परका माणूस ठरवतो.

साधं उदाहरण घ्या. रुंदी ६५,५३६ पिक्सेल, उंची १६,३८५ पिक्सेल, दर पिक्सेलला ४ बाइट. गुणाकार येतो ४,२९,५२,२९,४४० बाइट. पण प्रोग्रॅमरने हा गुणाकार ३२ बिटच्या अचिन्ह (उणे संख्या नसलेल्या) पूर्णांकात ठेवला असेल, तर त्यात ४,२९,४९,६७,२९५ च्या वरचं काही मावत नाही. मोजणी परत शून्यापासून सुरू होते आणि हाती उरतात फक्त २,६२,१४४ बाइट. म्हणजे जागा धरली २५६ केबीची आणि ओतायला घेतला चार जीबी माल. पहिल्या काही ओळींतच तो जागेबाहेर सांडतो आणि शेजारी ठेवलेल्या गोष्टींवर लिहिला जातो. शेजारी फंक्शनचा पत्ता असेल, तर पुढे काय चालवायचं हे त्या चित्रातले बाइट ठरवतात.

वजाबाकीतही हेच होतं. जेपेगमध्ये टिप्पणी लिहायला एक तुकडा असतो. त्याची लांबी दोन बाइटमध्ये लिहितात आणि त्या लांबीत हे दोन बाइटही मोजलेले असतात, त्यामुळे खरी लांबी २ पेक्षा कमी असूच शकत नाही. पण कुणी तिथे ० लिहिलं तर? वाचणारा प्रोग्रॅम ० मधून २ वजा करतो आणि अचिन्ह गणितात उत्तर येतं ४,२९,४९,६७,२९४. तेवढे बाइट तो कॉपी करायला निघतो. २००० साली सोलर डिझायनर या टोपणनावाने काम करणाऱ्या संशोधकाने नेटस्केप ब्राउझरमध्ये हा दोष दाखवून दिला होता. चार वर्षांनी, सप्टेंबर २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने जीडीआय-प्लस या चित्रं दाखवणाऱ्या लायब्ररीसाठी एमएस०४-०२८ ही सूचना काढली, तेव्हा आतला दोष त्याच जातीचा होता.

२००४ च्या त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जीडीआय-प्लसची डीएलएल (विंडोजमधली लायब्ररीची फाइल) फक्त विंडोजमध्ये नव्हती. ऑफिस, व्हिजिओ, प्रोजेक्ट, व्हिज्युअल स्टुडिओ अशा कित्येक उत्पादनांबरोबर तिची प्रत जायची, आणि बाहेरच्या प्रोग्रॅमांनीही ती सोबत बांधलेली असायची. विंडोज अपडेट करून माणूस निश्चिंत व्हायचा आणि जुनी डीएलएल दुसऱ्या फोल्डरमध्ये तशीच बसलेली असायची. तुमची समस्या ‘पुन्हा पुन्हा’ का येते, याचं उत्तर फार वेळा इथेच असतं.

२०२३ चं वेबपी प्रकरण

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण यानंतरच लोक विचारू लागले की लिबवेबपी, म्हणजे वेबपी चित्रं उलगडणारी लायब्ररी, आपल्याकडे नेमकी किती ठिकाणी आहे.

६ सप्टेंबर २०२३ ला ॲपलच्या सुरक्षा चमूने आणि टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने गूगलला एक दोष कळवला. दुसऱ्या दिवशी ॲपलने आयओएस १६.६.१ काढून इमेजआयओ या आपल्या प्रतिमा वाचणाऱ्या लायब्ररीतली सीव्हीई-२०२३-४१०६४ बुजवली (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा नोंदणी क्रमांक). ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली, सीव्हीई-२०२३-४८६३ या क्रमांकाने. १२ तारखेला फायरफॉक्स ११७.०.१ आला. सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटलं, हा क्रोमचा दोष आहे. प्रत्यक्षात तो लिबवेबपी या लायब्ररीतला होता आणि दुरुस्ती तिच्या १.३.२ आवृत्तीत होती. महिन्याच्या अखेरीस लायब्ररीसाठी म्हणून सीव्हीई-२०२३-५१२९ असा वेगळा क्रमांक दिला गेला, तो आधीच्याचीच पुनरावृत्ती म्हणून लगेच रद्दही झाला. त्या मधल्या दोन आठवड्यांत कितीतरी ठिकाणी ‘आम्ही क्रोम अपडेट केलाय’ एवढ्यावर काम संपलं.

दोष होता वेबपीच्या लॉसलेस प्रकारात. त्यात रंगांची माहिती हफमन कोडने दाबलेली असते. ती लवकर उलगडावी म्हणून प्रोग्रॅम आधी तक्ते तयार करतो. नियमात बसणाऱ्या कोडसाठी हे तक्ते जास्तीत जास्त किती मोठे होतील, हे आधी मोजून तेवढीच जागा ठेवलेली होती. मोजणी बरोबर होती, पण ती नियमात बसणाऱ्या कोडसाठी होती. फाइलमध्ये नियमबाह्य लांब्या लिहिल्या की तक्ता ठेवलेल्या जागेपेक्षा मोठा व्हायचा. कोड नियमात आहे की नाही, ही तपासणी व्हायची तक्त्यात लिहून झाल्यावर. घरात शिरलेल्या माणसाला ओळखपत्र मागायचं, ते त्याने तिजोरी उघडल्यानंतर, असा तो क्रम होता.

ही लायब्ररी गूगलच्या ओएसएस-फझ यंत्रणेत होती. ती यंत्रणा डिसेंबर २०१६ पासून अशा प्रकल्पांवर अहोरात्र चुकीच्या फाइलींचा मारा करते. तरीही हा दोष सुटला, कारण तिथपर्यंत पोचायला लांब्यांची फार नेमकी मांडणी लागत होती. अशा माऱ्याला, म्हणजे फझिंगला, मी कमी लेखत नाही. २०१४ मध्ये मिखाऊ झालेव्स्कीने एएफएल या साधनाला ‘हॅलो’ एवढाच मजकूर असलेली फाइल दिली होती, आणि जेपेग वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर ते चालवत ठेवल्यावर ते स्वतःहून वैध जेपेग बनवायला शिकलं. पण ‘ही लायब्ररी तपासलेली आहे’ यावर विसंबून तिला मोकळं रान देऊ नका.

आणि हे २०२३ ला थांबलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपलला इमेजआयओमध्येच सीव्हीई-२०२५-४३३०० बुजवावी लागली. पुढच्याच महिन्यात सॅमसंगने आपल्या फोनमधल्या प्रतिमा उलगडणाऱ्या लायब्ररीतली सीव्हीई-२०२५-२१०४३ बुजवली. दोन्ही हद्दीबाहेर लिहिण्याच्याच चुका.

लायब्ररी अपडेट केली, तरी क्रॅश चालूच

इथे मी स्वतः सर्वांत जास्त दिवस घालवले. कर्नलच्या लॉगमध्ये लिबटिफ या टिफ वाचणाऱ्या लायब्ररीचं नाव दिसलं, तेव्हा मी सर्व्हरवरची लिबटिफ अपडेट केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. पॅकेज मॅनेजर सांगत होता की आवृत्ती नवी आहे. तो खोटं सांगत नव्हता. मी चुकीची प्रत तपासत होतो.

लॉगमधलं नाव परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, लिबटिफच्या पुढे डॅश आणि आठ अक्षरांची अगम्य शेपटी होती. पायथनची पॅकेजेस व्हील स्वरूपात येतात तेव्हा त्यांच्या पोटात लायब्ररींच्या प्रती असतात, आणि एकमेकींत गोंधळ होऊ नये म्हणून त्यांच्या नावाला अशी शेपटी जोडलेली असते. पिलो हे पायथनचं प्रतिमा हाताळणारं पॅकेज बसवलं की शेजारी ‘पिलो.लिब्स’ नावाचं फोल्डर तयार होतं. त्यात लिबटिफ, लिबवेबपी, लिबजेपेग सगळ्यांच्या स्वतंत्र प्रती. सर्व्हरची लिबटिफ बदला, नाहीतर काढून टाका, पिलोला पत्ताही लागत नाही.

खात्री करायची रीत सोपी आहे. चालू वर्करचा प्रोसेस क्रमांक घ्या, ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या क्रमांकाच्या फोल्डरातली ‘मॅप्स’ फाइल उघडा आणि लायब्ररीचं नाव शोधा. समोर पूर्ण मार्ग दिसतो: प्रोसेसने खरोखर कुठली प्रत धरलीय. पिलोपुरतं बोलायचं तर पायथनला पीआयएल मॉड्यूल म्हणून चालवायला सांगा. तो प्रत्येक स्वरूपासमोर आतल्या लायब्ररीची आवृत्ती छापतो.

आमच्या कंटेनरच्या गरजांच्या यादीत पिलो ८.०.१ वर खिळा मारून, म्हणजे आवृत्ती पक्की करून, ठेवला होता. तो मीच मारला होता, एका जुन्या फाँटच्या अडचणीमुळे, आणि नंतर विसरून गेलो. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या ८.१.० ने टिफ वाचण्यातला एक हीप ओव्हरफ्लो (मेमरीत धरलेल्या जागेबाहेर लिहिण्याची चूक) बुजवला होता, सीव्हीई-२०२०-३५६५४. ती दुरुस्ती अपुरी ठरली, म्हणून मार्चमध्ये ८.१.१ आलं आणि सीव्हीई-२०२१-२५२८९ हा नवा क्रमांक पडला. म्हणजे मी वेळेवर एकदा अपडेट करून गप्प बसलो असतो, तरी दार अर्धं उघडंच राहिलं असतं. त्यामुळे ‘तो दोष बुजवला’ असं वाचलं की त्याच दोषाची पुढची नोंदही शोधायची सवय लावून घ्या. वेबपीसाठी पिलोची दुरुस्त आवृत्ती १०.०.१ आहे, १५ सप्टेंबर २०२३ ची.

नोडमधलं शार्प हे प्रतिमा हाताळणारं पॅकेज, इलेक्ट्रॉनवर बांधलेले डेस्कटॉप प्रोग्रॅम, गो किंवा रस्टच्या प्रोग्रॅममध्ये पक्की जोडलेली सी लायब्ररी, या सगळ्यांचं असंच असतं. पक्की जोडलेली असेल तर ‘मॅप्स’मध्ये वेगळं नावही दिसणार नाही. ट्रिव्ही किंवा सिफ्टसारखं साधन कंटेनरच्या प्रतिमेवर चालवून यादी काढा, पण ती साधनं मुख्यतः पॅकेजच्या नोंदी वाचतात. नोंद नसलेली, हाताने संकलित (कंपाइल) केलेली प्रत त्यांच्या नजरेतून निसटते. तिथे बिल्ड फाइल स्वतः वाचण्याला पर्याय नाही.

अजून एक जागा. प्रत बरोबर अपडेट केली आणि वर्कर रीस्टार्ट केला नाही, तर तो जुन्याच लायब्ररीवर चालत राहतो. डिस्कवरची फाइल बदलली तरी मेमरीत धरलेली जुनीच असते. ‘मॅप्स’मध्ये त्या मार्गापुढे ‘डिलीटेड’ असं दिसतं. डेबियन-उबुंटूवर नीडरीस्टार्ट हे साधन अशा प्रोसेस आपोआप दाखवतं.

फ्लेक्सची फाइल आणि विषारी फाइल वेगळ्या ओळखा

वर १३७ म्हणालो, त्याकडे थोडं वळतो, कारण आपल्याकडे दोन्ही त्रास एकाच सर्व्हरवर नांदतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा २० बाय १० फुटांचा फ्लेक्स घ्या. ७२ डीपीआयला त्याची रुंदी १७,२८० पिक्सेल, उंची ८,६४०. एकूण १४ कोटी ९२ लाख ९९ हजार २०० पिक्सेल. इमेजमॅजिक या प्रतिमा बदलणाऱ्या साधनाच्या ७ व्या आवृत्तीची नेहमीची क्यू१६-एचडीआरआय बांधणी दर रंगवाहिनीला ४ बाइट घेते. सीएमवायकेच्या चार वाहिन्या धरल्या तर २३८ कोटी ८७ लाख बाइट, म्हणजे जवळपास २.४ जीबी. फाइल शंभर टक्के प्रामाणिक आहे आणि तरीही वर्करचा श्वास कोंडतो.

यासाठी मर्यादा घाला. इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये मेमरी, मॅप, डिस्क, रुंदी, उंची, क्षेत्रफळ सगळ्यांना आकडे देता येतात. डेबियन-उबुंटूवर रुंदी-उंचीची मूळ मर्यादा सुमारे १६ हजार पिक्सेल आहे, म्हणून वरचा फ्लेक्स ‘विड्थ ऑर हाइट एक्सीड्स लिमिट’ म्हणत परत येतो. असं झालं की लोक चिडून पॉलिसी फाइलच पुसतात. पुसू नका. जाहिरात विभागासाठी वेगळा वर्कर आणि वेगळी पॉलिसी ठेवा, बाहेरच्या वाचकांच्या फोटोंसाठी घट्टच राहू द्या. पिलोमध्ये ही मर्यादा ८,९४,७८,४८५ पिक्सेल आहे; ती ओलांडली की इशारा मिळतो, दुप्पट ओलांडली की एरर. शार्पमध्ये २६,८४,०२,६८९. पिलोची मर्यादा ‘नन’ (म्हणजे मर्यादाच नाही) करून टाकण्याचा सल्ला जिथे तिथे दिला जातो. बाहेरून येणाऱ्या फोटोंसाठी तो पाळू नका.

पण एक गैरसमज ठेवू नका. या मर्यादा ओव्हरफ्लोचा इलाज नाहीत. वेबपीच्या दोषाला मोठं चित्र लागतच नव्हतं. बोटभर चित्रातही तो तक्ता जागेबाहेर जात होता. मर्यादा १३७ थांबवतील, १३९ नाही.

दुरुस्ती येईपर्यंत, आणि आल्यानंतरही

उद्या नवा दोष निघेल हे धरूनच घर लावायचं. त्यासाठी प्रतिमा उलगडणारी प्रोसेस बाकीच्यांपासून तोडा. डेटाबेसचा पासवर्ड, क्लाउडच्या चाव्या ज्या प्रोसेसकडे आहेत, तिनेच परक्याची टिफ उघडू नये. आमच्याकडे हे सगळं एकाच प्रोसेसमध्ये होतं, आणि क्रॅशचा अर्थ समजल्यावर मला पहिली भीती त्याचीच वाटली.

सिस्टमडीत हे चार-पाच ओळींचं काम आहे. डायनॅमिकयूझर चालू, प्रायव्हेटनेटवर्क चालू म्हणजे नेटवर्कच नाही, प्रोटेक्टसिस्टम ‘स्ट्रिक्ट’, नोन्यूप्रिव्हिलेजेस चालू, मेमरीमॅक्सला ठरावीक आकडा. आत फाइल द्यायची एक जागा आणि बाहेर प्रत ठेवायची एक जागा, बाकी सगळं बंद. लिनक्स डेस्कटॉपसाठी बबलरॅप हे साधन हेच करतं. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपचे थंबनेल बनवणारे प्रोग्रॅम त्यातच चालतात.

स्वरूपांची यादी लहान करा. बातमीच्या फोटोला जेपेग, पीएनजी, वेबपी पुरतात. इमेजमॅजिक शंभरावर स्वरूपं वाचतं आणि त्यातली बहुतेक तुमच्या कामाची नाहीत. पॉलिसीत आधी सगळी बंद करून हवी तेवढीच उघडा. फाइलच्या नावाच्या शेपटावर (.जेपीजीसारख्या एक्स्टेन्शनवर) विश्वास ठेवू नका. नाव जेपेगचं आणि आत भलतंच, असं असू शकतं आणि इमेजमॅजिक आतलं बघून वागतं. मे २०१६ मधल्या सीव्हीई-२०१६-३७१४ मध्ये हेच वापरलं गेलं. तो मेमरीचा दोष नव्हता, त्यात थेट कमांड चालायची. पण आत शिरायचा रस्ता हाच. लिबव्हिप्स ही प्रतिमा लायब्ररी वापरत असाल तर ८.१३ पासून बेभरवशाचे लोडर (एकेक स्वरूप वाचणारे भाग) बंद करायची सोय आहे, ती लावा.

आणि रांग. एखादं काम वर्करला दोनदा मारत असेल, तर तिसऱ्यांदा ते त्याच्या हाती देऊ नका. फाइल वेगळ्या फोल्डरात टाका आणि माणसाला कळवा. अमर्याद रीस्टार्ट ही सोय वाटते, पण हल्लेखोरासाठी ती फुकटची संधी आहे. मेमरीतले पत्ते दर वेळी बदलतात, त्यामुळे त्याला अंदाज करावा लागतो आणि अंदाज चुकला की प्रोसेस मरते. आपण ती लगेच उठवून त्याला पुढचा प्रयत्न देतो. वर्कर फोर्क करून (चालू प्रोसेसची नक्कल काढून) बनत असतील तर पत्ते बदलतही नाहीत, कारण पोराला बापाचीच मांडणी मिळते.

ती फाइल जपून ठेवा

ज्या फाइलवर क्रॅश झाला ती पुसू नका आणि डबल-क्लिक करून उघडूही नका. फाइल मॅनेजर नुसता फोल्डर उघडल्यावरही थंबनेल काढायला जातो, म्हणजे तोच दोष तुमच्या स्वतःच्या यंत्रावर चालतो. एक्स्टेन्शन काढून नाव बदला, एसएचए-२५६ (फाइलचा आकड्यांतला ठसा) नोंदवून ठेवा, पासवर्डच्या झिपमध्ये टाका.

मग नेटवर्क नसलेल्या कंटेनरमध्ये लायब्ररीची तीच आवृत्ती ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून संकलित करा आणि फाइल तिला द्या. साध्या बांधणीत क्रॅश कुठेतरी दूर होतो. ही बांधणी हद्द ओलांडल्या क्षणी थांबते आणि ‘हीप-बफर-ओव्हरफ्लो’ लिहून किती बाइट, कुठल्या ओळीत, वाचताना की लिहिताना, सगळं सांगते. पुन्हा संकलित करणं जमत नसेल तर व्हॅलग्राइंड चालवा, हळू चालतं पण काम देतं.

ताज्या आवृत्तीतही क्रॅश होत असेल तर तुमच्या हाती नवा दोष आहे. तो त्या प्रकल्पाच्या सुरक्षा पत्त्यावर खाजगीत कळवा, उघड्या तक्रारवहीत नाही. फाइल जशीच्या तशी पाठवू नका. वृत्तपत्राच्या फोटोत अपघातातला जखमी असतो, पीडितेचं घर असतं, एखादं लहान मूल असतं. एएफएलबरोबर येणारं टीमिन हे साधन क्रॅश टिकवून फाइल छाटत जातं; शेवटी काहीशे बाइट उरतात आणि त्यात चित्र असं काही राहत नाही. कोअर डम्पमध्येही (क्रॅशच्या वेळी उतरवलेली प्रोसेसची मेमरी) तोच फोटो असतो, तेव्हा काम झालं की तोही पुसा.

नुसता क्रॅश म्हणजे घुसखोरी नव्हे. पण वर्करच्या नावाने अनोळखी प्रोसेस, बाहेर जाणारं कनेक्शन किंवा तात्पुरत्या फोल्डरात नवी चालवण्याजोगी फाइल दिसली, तर हातचं राखून बसू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. सर्व्हर लगेच बंद करण्याऐवजी नेटवर्कपासून तोडा, म्हणजे मेमरीतला पुरावा राहतो.

झालं का, ते बघायची परीक्षा

सगळं अपडेट करून वर्कर रीस्टार्ट झाल्यावर जपून ठेवलेली फाइल झिपमधून काढा आणि चाचणीच्या सर्व्हरवर रांगेत टाका, तिच्या पाठोपाठ एक साधा चांगला फोटो. बरोबर निकाल असा: पहिल्या फाइलला फाइल अपुरी किंवा बिघडलेली असल्याची एरर यावी, वर्करचा प्रोसेस क्रमांक तोच राहावा, कर्नलच्या लॉगमध्ये नवी ओळ पडू नये आणि दुसऱ्या फोटोची लहान प्रत तयार व्हावी. मग पिलोची आवृत्ती मुद्दाम मागे नेऊन तीच परीक्षा पुन्हा घ्या. जुन्या आवृत्तीवर १३९ किंवा १३४ मिळाला पाहिजे. नाही मिळाला, तर तुम्ही बदललेली प्रत ही क्रॅश होणारी प्रत नव्हती. ‘मॅप्स’ फाइलकडे परत जा.